एक मिलिमीटर खोल

"मावशी, आज मोजायचं ते मनातल्या मनात मोजा. पाहुणे आहेत," सर कुजबुजले.

मावशींनी मान डोलावली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. भूल दिलेल्या उंदरिणीचे श्वास मोठ्याने मोजायचे, हे त्यांचं काम. अकरा वर्षांत त्यांचे ते आकडे खोलीच्या अंगवळणी पडले होते. पण आज तीन परीक्षक आले होते. जिवंत मेंदूत एक मिलिमीटर खोल असलेली पेशी आज स्पष्ट दिसली नाही, तर प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं.

सरांचं अर्धं आयुष्य त्या एका मिलिमीटरमध्ये अडकलं होतं. वरवरचं काय, कुणीही दाखवेल. खोल जावं तर दुधात बॅटरी मारावी तसा प्रकाश पसरतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकात स्वतःचा आकार बदलणारा आरसा बसवला होता. वाकडातिकडा झालेला प्रकाश तो ताळ्यावर आणी. तरी एक खोड उरलीच. उंदरीण श्वास घेई तसं चित्र थरथरे, आणि पेशीचा नुसता धुरकट डाग होई. "माझ्या तोंडाकडे पाहिलं नसेल इतकं त्या डागाकडे पाहिलंत," बायको म्हणायची. खोटं नव्हतं ते.

सरांनी खोली वाढवत नेली. अर्धा मिलिमीटर. पाऊण. एक. पडद्यावर तोच मेला डाग, थरथरणारा. एका परीक्षकाने जांभई दिली. सरांनी आरसा पुन्हा जुळवला. आणखी एकदा जुळवला.

"सर..." मावशी स्टुलावरून उठल्या.

सरांनी मागे न बघताच हात वर केला. "आत्ता नाही, मावशी!"

आणि डागाला कडा आल्या. पेशी दिसली. तिच्या फांद्या, फांद्यांवरचे बारीक काटे, सगळं लख्ख. "दिसली!" सर ओरडले आणि चारचौघांत चक्क रडू लागले. जांभईवाले गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. कधी कुणाचं कौतुक न करणाऱ्या, परीक्षकांच्या अध्यक्षबाईंनी पुढे होऊन सरांचा हात हातात घेतला.

"मानलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आणि कमाल म्हणजे, चित्र तसूभरही हलत नाहीये!"

हात बाईंच्या हातात तसाच ठेवून सर वळले. मावशी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

"मावशी, श्वास?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"कधी थांबला?"

"तुमचं चित्र हलायचं थांबलं ना सर, तेव्हाच."