चाळीस हजार कानांसाठी एक ओळ

"किरकोळ दुरुस्ती," असं लिहून शर्वाणीने कोडमधला बदल नोंदवला आणि स्वयंचलित तपासनिसाने तो तिसऱ्यांदा परत पाठवला. पडद्यावर तीच ओळ उमटली: "काय बदललं ते कळलं. का बदललं, ते लिहा."

"तुझं डोंबल!" शर्वाणी करवादली. सात वर्षं तिने प्रत्येक बदलाला 'किरकोळ दुरुस्ती' हेच लिहिलं होतं. तेव्हा त्या नोंदी वाचत होतं कोण? पण आता तिचा कोड थेट चाळीस हजार कृत्रिम कानांत उतरायचा. उतरण्याआधी कान ती नोंद आपल्या मालकाला वाचून दाखवायचा आणि मालक 'हो' म्हणाला, तरच बदल व्हायचा.

त्यातले दोन कान शेजारच्या खोलीत बसलेल्या तिच्या वडिलांचे होते. तिने कितीही ओरडून हाक मारली, तरी ते विचारायचे, "कोण?"

"उंच पट्टीतले आवाज सुधारले," तिने लिहिलं. तेही परत आलं. मग मात्र तिने खरं तेच लिहून टाकलं: "बाबांना सगळ्यांचे आवाज ओळखू येतात, फक्त माझा येत नाही. म्हणून."

हिरवी खूण! शर्वाणी खुर्चीतून ताडकन उठली आणि श्वास रोखून दाराशी उभी राहिली. आत बाबांचा कान त्यांना ती नोंद वाचून दाखवत होता. मग बाबांचा खणखणीत आवाज आला, "हो! अहो, हो म्हणजे हो!"

"बाबा?" तिने जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू हाक मारली.

"काय गं, शरू?"