भांडुपची जिलबी

मधुकररावांना मधुमेह निघाला आणि त्यांच्या बायकोने, शुभाताईंनी, ते अख्ख्या मुलुंडला सांगून टाकलं. मिठाईवाला म्हणाला, "काका, गुपचूप घरी जा. काकूंचा फोन येऊन गेलाय." नाक्यावरचे रिक्षावालेसुद्धा काकूंचे खबरे. मग मधुकरराव रोज संध्याकाळी चालत भांडुप गाठायचे, तिथे कोणी ओळखत नाही म्हणून निवांत एक जिलबी खायचे आणि चालतच परत यायचे.

पुढच्या तपासणीत डॉक्टर चकित झाल्या. "काका, साखर एकदम आटोक्यात! केलंत काय?"

मधुकरराव पंख्याकडे बघत बसले.



शुभाताई म्हणाल्या, "अजून उतरवायची असेल तर सांगा, डॉक्टर. भांडुपच्या मिठाईवाल्याशीही ओळख काढते, म्हणजे हे पुढे कांजूरपर्यंत चालतील."