भेळ तू मागायचीस

"आज भेळ तू मागायचीस," रंकाळ्यावर स्कूटर लावता लावता पप्पांनी शलाकाला सांगितलं. शाळेतल्या बाईच म्हणाल्या होत्या, पोरगी बोलताना अडखळली तरी मधे तोंड घालू नका, थांबा. म्हणून तर रविवारी दोघं मुद्दाम आली होती. भेळेच्या गाडीवर ही रांग! शलाका मनातल्या मनात घोकत राहिली: काका, एक भेळ, तिखट कमी.

नंबर आला.

"का... का... काका, ए... एक भ... भ..."

भेळवाल्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सावकाश सांग बाळ. मी कुठं पळून चाललोय?"

शलाकाला हसूच आलं. तिनं दम घेतला, ओठ मिटले. शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पप्पांचे कान लाल झाले.

"एक भेळ द्या हो, तिखट कमी!" ते खेकसले.

खाताना शलाकाला जोराचा ठसका लागला. तिनं पप्पांच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडं नुसतं बोट दाखवलं.

"आता काय मुकी झालीस?" पप्पा म्हणाले. "तोंडानं माग की!"