बासष्ट कुनाचं?

बिभीषणची दारू सुटून वर्ष झालं होतं, तरी श्वास तपासायच्या यंत्रात फुंकल्याशिवाय राजनंदिनी त्याला गाडीची किल्ली देत नसे. कॉलेजच्या रसायनशाळेत काम करणारी बाई ती. तिचा शपथांपेक्षा आकड्यावर विश्वास. फुंकर संपली की यंत्र एकदा वाजायचं आणि रोज शून्य दाखवायचं.

आज केमला तिच्या माहेरी जायचं होतं. कालच घेतलेल्या जुन्या गाडीत बसून बिभीषणनं फुंकलं. बासष्ट.

"आईची आन, थेंब न्हाय घेतला!"

तिनं बॅग उचलली. पुन्हा प्यायलात तर माहेरी जाईन ती कायमची, असं तिनं वर्षापूर्वी, दारू सुटली तेव्हाच बजावलं होतं.

"आगं, तूच फुंक की एकदा!"

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं फुंकलं. बासष्ट.

जन्मात दारू न चाखलेली राजनंदिनी खळखळून हसली. खात्रीसाठी दोघांनी खाली उतरून, भवानी पेठेतल्या आपल्या गल्लीत, भर उजेडात पुन्हा फुंकलं. दोघांचंही शून्य.

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला. "आणि तुम्हीही."

"मग बासष्ट कुनाचं गं?" बिभीषण डोळे पुसत हसला. "जाऊ दे, रेल्वेनं जाऊ."

"थांबा, नुसत्या गाडीचा आकडा बघू."

तिनं चालू यंत्र ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं. किल्ली तिच्या मुठीत होती.

ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून हळूहळू धूसर झाली, आणि यंत्र वाजलं.