कॅपिटल सी

"सर, तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय?" होस्टिंग कंपनीच्या मुलाने फोनवर विचारलं.

"मला दिसत नाही, ऐकू येतं," सुबोध म्हणाला. "मी जन्मांध आहे. माझा लॅपटॉप मला वाचून दाखवतो. आत्ता म्हणतोय, एरर पाचशे."

"मग घरच्या कुणाला तरी बसवा ना समोर."

सुबोधने फोन ठेवला.

अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणारी वेबसाइट त्याने मरोळच्या घरात बसून एकट्याने बांधली होती. लॅपटॉपवर झकास चालायची. होस्टिंग कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, शेकडो परक्या वेबसाइटांच्या शेजारी नेऊन ठेवली, तर उघडेचना. आणि लिंक सकाळीच कॉलेजांच्या ग्रुपांवर गेलेली.

दीप्तीचा फोन आला. त्याच्याकडेच ब्रेल शिकलेली ही पोरगी.

"दादा, माझी लेखनिक आजारी पडली रे. सोमवारी इतिहासाचा पेपर. वाट लागली माझी!"

"अजून नाही लागली. थांब."

बहीण शकु खुर्ची ओढून शेजारी बसली. "मी बघू का?"

"नको. मला ऐकू दे."

सर्व्हरवरची एररची नोंद त्याने उघडली. 'कॉन्फिग' नावाची फाइल सापडत नाही, लॅपटॉप म्हणाला. त्याने फाइलींची नावं ऐकली. कॉन्फिग तर तिथेच होती! पुन्हा नोंद ऐकली, पुन्हा नावं. दोन्हीकडे तोच उच्चार.

मग बाणाचं बटण दाबत तो एकेक अक्षर ऐकू लागला. नोंदीत: सी, ओ, एन. फाइलीच्या नावात: कॅपिटल सी, ओ, एन.

सुबोध मोठ्याने हसला. त्याच्या लॅपटॉपला लहान-मोठं अक्षर सारखंच होतं. सर्व्हरला नव्हतं.

त्याने ते एक अक्षर बदललं.

"लेखनिक हवा आहे? लेखनिक व्हायचं आहे?" लॅपटॉप घडाघडा वाचू लागला. शकुने भावाच्या पाठीत जोरदार धपाटा घातला.

चहा गाळून होतोय तोच पहिली नोंदणी आली. बेव्हर्ली मिस्किटा, अकरावी, अंधेरी. सोमवारी मोकळी.

सुबोधने आधी तिच्याशी बोलून पक्कं केलं, मग दीप्तीला फोन लावला.

"मिळाली तुला लेखनिक. आता नापास झालीस तर तिच्यावर ढकलू नकोस."

पलीकडे फोन न ठेवताच दीप्ती घरात ओरडली,

"आई, इतिहासाचं रेकॉर्डिंग लाव गं! मोठ्या आवाजात!"