रांगेतली मंडळी

इंग्लंडातल्या यॉर्क शहरात पाया खणला की आधी जुनी हाडं निघतात, ती हलवतात आणि मग घरं उभी राहतात. तिथं कुणाला त्याचं नवल नाही. आमच्या क्लाइव्हला तसल्याच जागेवरचं नवंकोरं, शेवटचं उरलेलं घर हवं होतं. सकाळी लवकर विक्रीच्या कचेरीवर गेला, तर दारापुढे ही लांब रांग! सगळ्यांचे पाय चिखलानं माखलेले. रांग मोडणं त्याच्या रक्तातच नाही. निमूट शेवटी उभा राहिला.

पुढची म्हातारी वळली. "घर घ्यायचंय होय रे? मग जा की पुढं."

"अहो आजी, तुमचा नंबर आधी!"

"आम्ही केव्हाचेच इथले. तू घे उरकून."

सगळे बाजूला सरले. क्लाइव्ह लाजत, आभार मानत पुढे गेला. कचेरीतली बाई दार उघडून म्हणाली, "तुम्ही एकटेच? बरं झालं, घर तुमचंच!"

नव्या घरातल्या पहिल्याच संध्याकाळी बायकोनं पडदा सारला. "क्लाइव्ह, आपल्या दारात ही रांग कसली रे?"

त्यानं दार उघडलं. म्हातारी सगळ्यात पुढे होती. गोड हसली.

"घाई नाही, पोरा. तुमचं राहून झालं, की मग आमचा नंबर."