ओव्याची धुरी

वस्तीतल्या दवाखान्यात प्रणिता लेकीच्या तोंडावर वाफेचा मास्क धरून बसली होती. तिची सासू, शेवंताबाई, मागे उभी होती.

"घरात धूर होतो का? त्यानंच छाती भरते लेकरांची," डॉक्टर म्हणाले.

रोज अंघोळीनंतर नातीला पायांवर घेऊन शेगडीतल्या ओव्याची धुरी शेवंताबाईच द्यायची. पोरीला धाप लागायला लागल्यापासून तर दोन्ही वेळा.

"शेजारी बेकरी आहे, तिचा येतो," खाली बघत प्रणिता म्हणाली.

घरी आल्यावर शेवंताबाईनं शेगडी भंगारवाल्याला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ उरकून प्रणितानं लेकीला पुसलं आणि सरळ पाळण्यात ठेवलं. कोपऱ्यात सवयीनं पाय पसरून बसलेल्या शेवंताबाईनं मग ते हळूच जवळ ओढून घेतले.